पांढरीतून निघालेला व्यापार : तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयाचं प्रकरण

गावाच्या जमिनीचे आपल्याकडे दोन भाग मानतात. पीक येतं ती काळी, माणसं राहतात ती पांढरी. एकाच जागी शेकडो वर्षं वस्ती राहिली की चुलीतली राख, पडलेल्या भिंतींची माती, खापरं, हाडं यांचे थर बसत जातात आणि जमिनीचा रंगच पालटतो. वस्ती उठून गेली तरी तिचं टेकाड मागे उरतं. ही माती शेतात खत म्हणून चालते, धाब्याच्या घरांवर टाकायला चालते. त्यामुळे मराठवाड्यातली कितीतरी जुनी टेकाडं बैलगाडीने वाहून नेली गेली. कुणी ती मुद्दाम उद्ध्वस्त केली नाहीत. घर गळत होतं, माती हवी होती, एवढंच.

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठी वसलेलं तेर हे असंच टेकाडांचं गाव. कोट टेकडी, बैराग टेकडी ही गावकऱ्यांची नावं आज उत्खननाच्या अहवालांतही आहेत. तेरची पांढरी मात्र इतर गावांच्या पांढरीपेक्षा फार श्रीमंत निघाली. पाऊस पडून गेला की टेकाडाच्या उतारावर अकीकाचे मणी धुऊन वर येत. माती उकरताना शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी, मातीच्या बाहुल्या हाती लागत. बहुतेक गावांत अशा वस्तू पोरांच्या खेळण्यात जातात, नाहीतर फिरत्या दलालाच्या पिशवीत. तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे नावाचे एक गृहस्थ होते आणि ते त्या जपून ठेवू लागले.

एका गावकऱ्याच्या घरातला हा साठा वाढत गेला, पुढे शासनाकडे आला आणि त्यातून तेरमध्येच कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. वस्तूंची संख्या वीस हजारांच्या वर आहे. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाखालचं हे संग्रहालय भारत-रोम व्यापाराच्या अभ्यासकाला टाळता येत नाही, आणि तरीही ते एका खेड्यात आहे.

या संग्रहाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे ‘तेरमध्ये रोमन सापडले’, जणू रोमची एखादी वसाहतच इथे होती. दुसरं जाणकारांचं: या वस्तू कुठल्या थरातून आल्या याची नोंद नाही, म्हणून पुरावा म्हणून त्यांची किंमत कमी. मला दोन्ही अपुरी वाटतात. नीट पाहिलं तर हा संग्रह रोमबद्दल फार थोडं सांगतो आणि रोमशी व्यवहार करणाऱ्या आपल्या कारागिरांबद्दल पुष्कळ सांगतो. तो जागेवरच राहिला म्हणून तर हे सांगू शकतो.

तगर म्हणजे तेर, हे ठरलं कसं

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची एक मार्गदर्शिका लिहिली. तिला ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ म्हणतात. लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, पण माणूस पक्का व्यवहारी. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, काय मिळतं, कुठे फसवणूक होते, हे तो नोंदवत जातो. बारिगाझाबद्दल, म्हणजे भडोचबद्दल लिहिताना तो सांगतो की तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, हे फार मोठं शहर. या दोन्ही ठिकाणांहून माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येतो. पैठणहून येतो अकीकासारखा दगड. तगरहून येतं साधं सुती कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि पूर्वेच्या किनाऱ्याकडून तिथे गोळा झालेला इतर माल.

हे तगर कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. कुणी देवगिरी सुचवलं, कुणी जुन्नर, कुणी धारूर. 1901 मध्ये शिलालेखांचे अभ्यासक जॉन फेथफुल फ्लीट यांनी तेरचं नाव पुढे केलं. मराठी कानाला त्यांचा मुद्दा लगेच पटेल. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो. नगरचं नयर झालं, मग नेर. पारनेर, संगमनेर, अमळनेर यांतलं शेपूट तेच. त्याच वाटेने तगरचं तेर होतं. शिलाहार राजे ठाण्याचे असोत वा कोल्हापूरचे, स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. त्यांना मूळपुरुषांचं गाव म्हणून अभिमानाने मिरवावंसं वाटलं ते हेच गाव.

अंतरांचा हिशेब मी स्वतः नकाशावर करून पाहिला. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे 350 किलोमीटर. वीस दिवसांना भागलं की दिवसाला साडेसतरा. पैठण ते तेर सुमारे 150. दहा दिवसांना भागलं की दिवसाला पंधरा. रस्ता कधीच सरळ नसतो, तेव्हा प्रत्यक्ष चाल याहून जास्त पडली असणार, आणि लादलेल्या बैलगाडीला ती झेपण्यासारखीच आहे. दोन्ही टप्प्यांचा वेग जवळपास सारखा येतो, हे मला सर्वात बोलकं वाटतं. दिशेत मात्र चूक आहे. तेर पैठणच्या पूर्वेला नसून आग्नेयेला आहे. भडोचच्या धक्क्यावर उभं राहून गाडीवानांकडून ऐकलेली माहिती लिहिणाऱ्याला एवढी चूक माफ करावी.

फ्लीट यांच्या मांडणीनंतर पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स तेरला जाऊन आले. त्यांना गावातल्या त्रिविक्रम मंदिराचा मागचा भाग अर्धगोल, चापाकार दिसला आणि त्यांनी ओळखलं की ही मुळात बौद्ध चैत्याची, म्हणजे प्रार्थनागृहाची, विटांची इमारत आहे. लेणं खोदून केलेले चैत्य महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, पण जमिनीवर विटांनी बांधलेला आणि अजून उभा असलेला चैत्य क्वचितच आढळतो. लोक आजही तिथे देवदर्शनाला जातात.

इथे कुणीही विचारेल की तेरहून कल्याण जवळ असताना माल इतक्या लांब भडोचला का जायचा? उत्तर पेरिप्लसमध्येच आहे. कल्याणचं बंदर त्या काळात अडवलेलं होतं. तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. पश्चिमेचे क्षत्रप राजे आणि दख्खनचे सातवाहन यांच्या झगड्याचा हा भाग. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पाडाव केला. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला 1906 मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. राजे एकमेकांची नाणी ठोकत होते, आणि तेरच्या विणकराच्या कापडाची वाट त्यांच्या भांडणावर ठरत होती.

हातात घेऊन पाहिलं तर

आता संग्रहातल्या वस्तूंकडे येऊ. कापड उरत नाही. ज्या मालासाठी तगर प्रसिद्ध होतं तोच माल संग्रहालयात नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. उरली ती माती, दगड, शंख, हाड आणि थोडं हस्तिदंत.

माझा सर्वात जास्त वेळ जातो तो पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्तींपाशी. केओलिन म्हणतात ती ही माती, आपल्या शाडूच्या जवळची, पण तिचा पोत अधिक तलम. अशा मूर्ती पैठण, नेवासे, तेलंगणातलं कोंडापूर इथेही मिळाल्या आहेत. एखाद्या मूर्तीची बाजू निरखून पाहा. कानाच्या मागून खांद्यावरून खाली एक बारीक शिवण गेलेली दिसते. पुढचा भाग एका साच्यात, पाठ दुसऱ्या साच्यात, आणि मग दोन्ही अर्धे भाग एकमेकांना चिकटवलेले. आतून मूर्ती पोकळ. फुटकी मूर्ती मिळाली तर आतल्या बाजूला माती साच्यात दाबणाऱ्या बोटांचे ठसे दिसतात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात ज्यांनी हात घातलाय त्यांना हे सांगायला नको. बाहेरचा चेहरा साच्याचा, आतला दाब माणसाचा.

पुढच्या-मागच्या साच्यांची ही रीत भूमध्य समुद्राकडच्या कारागिरीतून आली, असं बरेच अभ्यासक मानतात. आली असेल. पण साच्यातून निघालेला चेहरा पाहा. भरगच्च केशरचना, कानातली जड कुंडलं, गळ्यातल्या माळा. यात रोमची एकही बाई नाही. तंत्र कुठूनही शिकावं आणि त्यातून आपली माणसं घडवावीत, एवढा आत्मविश्वास त्या कारागिराकडे होता. रोमन घडणीचे मातीचे दिवे, रोमन नाण्यांवरून मातीत उठवलेली गळ्यात घालायची पदकं यांचंही तसंच. नाण्याची पदकं तर फारच बोलकी आहेत. त्यांना अडकवायला कडी असते, काहींवर सोन्याचा मुलामा असल्याचंही दख्खनमध्ये आढळलं आहे. रोमन सम्राट टायबेरियसचा चेहरा इथे बाजारातलं चलन म्हणून फारसा फिरला नसेल, पण दागिना म्हणून लोकांना आवडला. खरं सोन्याचं नाणं ज्याला परवडत नव्हतं त्याने मातीचं घातलं. आजही आपल्याकडे पुतळ्यांची माळ आणि मोहनमाळ सोन्याच्या पाण्याची मिळतेच की.

म्हणूनच ‘रोमन वस्तूंचं संग्रहालय’ ही पाटी मला खटकते. इथल्या फार थोड्या वस्तू जहाजातून आल्या. बाकीच्या तेरच्या आणि दख्खनच्या कारागिरांनी, समुद्रापलीकडच्या गिऱ्हाईकाची आणि त्याच्या फॅशनची माहिती असताना घडवल्या.

हस्तिदंती बाई

संग्रहातली सर्वात प्रसिद्ध वस्तू म्हणजे स्त्रीची हस्तिदंती मूर्ती. उंची जेमतेम वीतभरही नाही. दागिन्यांनी मढलेली, कमरेला मेखला, केसांची गुंतागुंतीची रचना. तिच्यामुळे तेरचं नाव इटलीपर्यंत पोचलं, कारण तिची मोठी बहीण पॉम्पेईत आहे.

पॉम्पेईच्या एका घरात 1938 मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना सुमारे 24 सेंटिमीटरची हस्तिदंती मूर्ती सापडली. आता ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. दोन बाजूंना दोन लहान सेविका, मधे दागिने ल्यालेली स्त्री, डोक्यातून खाली गेलेलं भोक. म्हणजे ती बहुधा एखाद्या तिवईचा किंवा आरशाच्या मुठीचा भाग असावी. पॉम्पेई शहर गाडणारा व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक इसवी सन 79 मधला, म्हणजे ती त्याआधी तिथे पोचलेली. तिला सगळे ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात. मात्र लक्ष्मीची ठळक चिन्हं तिच्याजवळ नाहीत, यक्षी म्हणणं जास्त बरोबर ठरेल.

ती घडली कुठे? या प्रश्नाने तेरचं प्रकरण खरं रंगतं. सुरुवातीला मथुरेचं नाव घेतलं गेलं. मग तेरची मूर्ती अभ्यासकांच्या नजरेत भरली. कलेतिहासकार डग्लस बॅरेट यांनी 1960 मध्ये तेरवर स्वतंत्र पुस्तिका काढली. तरीही शंकेला जागा होती, कारण तेरची मूर्ती उत्खननातली नव्हती. टेकाडावरून, घरातून, हातातून हातात आलेली. तिचा काळ केवळ शैलीवरून ठरवायचा आणि शैली पॉम्पेईशी ताडून पाहायची, म्हणजे हा फिरून तिथेच येणारा युक्तिवाद.

1973 मध्ये जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी उत्खनन केलं आणि तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला, तोही सातवाहनकालीन थरात. बाजूला सेविका, तीच उभं राहण्याची ढब. एका तुकड्याने तेरच्या बाईला साक्षीदार मिळाला. भोकरदनच्या मूर्तीला थर होता पण ती अर्धवट होती. तेरच्या मूर्तीला थर नव्हता, पण ती डोळ्यांसमोर होती. दोघींची साक्ष एकत्र आली तेव्हा दख्खनमध्ये हस्तिदंताचं काम करणारे कारागीर होते, हा मुद्दा भक्कम झाला.

पॉम्पेईची मूर्तीही इथलीच, असं मात्र मी छातीठोक सांगणार नाही. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर कोरलेलं आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, दख्खनची नव्हे. कदाचित घडली इथे आणि जोडणीची खूण कोरली गेली दुसरीकडे, भडोचच्या वाटेवर. कदाचित घडलीच उत्तरेत. अफगाणिस्तानातल्या बेग्रामच्या हस्तिदंतांशीही तिचं साम्य दाखवलं जातं. लक्ष्मी तेरची, असं अभिमानाने सांगणारे लेख वाचले की मला वाईट वाटतं. तेरला हा उसना मान कशाला? वीतभरही नसलेली स्वतःची बाई आहे की त्याच्याकडे.

थर हरवल्याची किंमत

आता दुसऱ्या मताकडे, जाणकारांच्या तक्रारीकडे. ती खरी आहे. पुरातत्त्वात वस्तूपेक्षा तिची जागा मोठी. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, चुलीजवळ की विहिरीत, यावरून तिचा काळ आणि उपयोग कळतो. केओलिनच्या शंभर मूर्ती एकाच घरात मिळाल्या असत्या तर ते घर साचेवाल्याचं म्हणता आलं असतं. शंभर घरांतून एकेक मिळाली असती तर ती घराघरातली वस्तू होती असं कळलं असतं. लामतुऱ्यांच्या साठ्यातून हे आता कळणार नाही. हे नुकसान भरून येणारं नाही.

पण ते नुकसान लामतुऱ्यांनी केलं नाही. थर आधीच फावड्याने गेले होते. तेर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाचं पुरातत्त्व खातं 1914 मध्ये गुलाम याझदानी यांच्या हाताखाली सुरू झालं, पण त्याच्यासमोर अजिंठा आणि वेरूळ होतं. तेरमध्ये शास्त्रशुद्ध उत्खनन झालं ते 1958 मध्ये बा. ना. चापेकरांनी केलेलं. पुढे 1974-75 मध्ये पुन्हा झालं. म्हणजे फ्लीट यांनी तगर ओळखल्यापासून पहिला पद्धतशीर चर पडेपर्यंत सत्तावन्न वर्षं गेली. या सत्तावन्न वर्षांत दर पावसाळ्यात टेकाडं झिजत होती. तेव्हा निवड ‘शास्त्रीय उत्खनन की घरगुती संग्रह’ अशी नव्हतीच. घरगुती संग्रह नाहीतर काहीच नाही, अशी होती.

उत्खनन झालं तेव्हा या साठ्याचा उलटा उपयोग झाला. चरातून एखादा तुकडा मिळाला की त्याची अखंड जोड कपाटात पाहायला मिळे. चर लहान असतो, काही मीटर लांबी-रुंदीचा. साठा अख्ख्या गावाच्या पांढरीचा. एकाने काळ सांगायचा, दुसऱ्याने विविधता.

आणि साठा गावातच राहिला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला कांस्याचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, कोल्हापुरातच टाऊन हॉल संग्रहालयात आहे, म्हणून पंचगंगेकाठी उभं राहून त्याचा विचार करता येतो. बेग्रामचे हस्तिदंत काबूल आणि पॅरिस असे वाटले गेले. तेरची मूर्ती मुंबईच्या एखाद्या दालनात गेली असती तर ती सुंदर दिसली असती, पण बाहेर पडून दहा मिनिटांत त्या टेकाडावर जाता आलं नसतं. तेरमध्ये जाता येतं. काचेमागचं खापर आणि पायाखालचं खापर एकाच रंगाचं असतं.

तेर अजून एका कारणाने मातीचं गाव आहे. गोरोबाकाकांचं. चैत्र वद्यात त्यांच्या पुण्यतिथीला तेरणेकाठी वारकऱ्यांची गर्दी होते. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईने गोरोबाकाकांना विचारलं, यातलं कुठलं मडकं कच्चं, आणि काकांनी थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. नामदेव कच्चे ठरले. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या पोरासोरांना माहीत आहे. पण यात्रेला येणारे हजारो लोक संग्रहालयापासून थोड्या अंतरावरून परत जातात, हे मी पाहिलं आहे. मीही लहानपणी आजोबांबरोबर तसाच परत गेलो होतो. ज्या गावात कुंभाराला काका म्हणतात, त्या गावात काकांच्या हजार वर्षं आधीच्या कुंभाराची बोटं पाहायला मिळतात, हे कुणी त्या मांडवात उभं राहून सांगायला हवं. कीर्तनकाराने सांगितलं तर सर्वात उत्तम.

आणखी एक काम गावकऱ्यांनाच करता येईल. पुराण वस्तूंबाबतचा 1972 चा कायदा 1976 पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर विकता येत नाही. हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण वस्तू सापडली तर नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. तेरच्या आसपास घराचा पाया खणताना, विहीर उपसताना अजूनही काही ना काही निघतं. निघालं तर ते धुऊ नका, लागलेली माती तशीच राहू द्या. जागेवर असतानाच मोबाइलने फोटो काढा, शेजारी एखादं नाणं किंवा पेन ठेवा म्हणजे आकार कळेल. मग संग्रहालयात नेऊन द्या आणि सोबत एक चिठ्ठी ठेवा. त्यावर तारीख, गट नंबर, टेकाडाची कुठली बाजू, आणि किती खोल निघालं ते लिहा. मोजपट्टी नसेल तर हातभर की वीतभर, एवढं लिहिलं तरी चालेल.